माहेरचा पिन, सासरचा पिन

एसटीत खिडकीशी बसलं की दुकानांच्या पाट्या वाचायची मला खोड आहे. कृषी सेवा केंद्र, रसवंतीगृह, मंगल कार्यालय, टायर रिमोल्डिंग. वर दुकानाचं नाव ठसठशीत, त्याखाली प्रोप्रायटर, मोबाइल नंबर, आणि अगदी तळाला, पेंटरला जेवढी पट्टी उरली असेल तेवढ्यात कोंबलेली ती ओळ : ता. शिरूर, जि. पुणे, पिन ४१२२१०. आकडे बहुधा शेवटाकडे बारीक होत जातात. एका हार्डवेअरच्या पाटीवर तर शेवटचं शून्य चौकटीवर चढलंय आणि अर्धं पत्र्यावर, अर्धं लाकडावर असं बसलंय. गाडी न्हावऱ्याच्या रस्त्याला लागते, ऊस सुरू होतो, भीमेच्या पुलावरून पारगावात उतरते, मग केडगाव, चौफुला आणि पुढे सोलापूर रस्ता. तालुका केव्हाच बदललेला असतो, पण पाटसपर्यंत पाट्यांवर ४१२ च चालू राहतो. शेवटचे तीन आकडे तेवढे हलत असतात. आणि मग दौंडात शिरताना एकदम ४१३८०१.

४१२२१० माझं सासर. ४१३८०१ माहेर.

हे आकडे संख्या म्हणून कुणी वाचत नाही. कुरिअरवाल्यानं फोनवर विचारलं की शिरूरचा माणूस जोडीजोडीनं सांगतो, "एक्केचाळीस, बावीस, दहा." दौंडचा सांगतो, "एक्केचाळीस, अडतीस, शून्य एक." बँकेत प्रत्येक आकड्याला वेगळा चौकोन असतो, तिथे तर त्यांचं एकमेकांशी नातंच तुटतं. एकदा टपाल खिडकीवर मी मुद्दाम "चार लाख बारा हजार दोनशे दहा" असं म्हणून पाहिलं. पलीकडच्या बाई मान वर न करता म्हणाल्या, "एवढी रक्कम इथे नाही हो घेत, बँकेत जा."

पिन आला १५ ऑगस्ट १९७२ ला. त्याची आखणी करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर, केंद्राच्या दळणवळण खात्यातले मोठे अधिकारी आणि त्याहून मोठे संस्कृतचे कवी. एकाच नावाची गावं, वेगवेगळ्या लिप्यांतले पत्ते, सॉर्टरच्या हातात पडणारी अर्धवट अक्षरं, या सगळ्यावर सहा आकड्यांचा तोडगा. शिरूरलाच घ्या. बीडमध्ये शिरूर कासार, लातुरात शिरूर अनंतपाळ, आणि आमचं हे घोडनदीकाठचं. म्हणून जुनी माणसं अजून गावाला नुसतं 'घोडनदी' म्हणतात. पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो. चार म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. दुसरा आकडा उपविभाग, तिसरा वर्गवारीचा जिल्हा आणि शेवटचे तीन म्हणजे नेमकं टपाल कार्यालय. टपालाचा जिल्हा आणि कलेक्टरचा जिल्हा एकच असतो असं मात्र नाही. दौंडचा जिल्हा पुणे, पण टपालाच्या हिशेबात ते बारामती-इंदापूर-सोलापूरच्या पंक्तीला, ४१३ मध्ये. लग्न झालं तेव्हा जिल्हा बदलला नाही, पण पत्त्यावरचा तिसरा आकडा एकानं उतरला.

आकड्यांकडे बघायची सवय अण्णांची. अण्णा दौंडच्या यार्डात शंटिंगला होते. प्रवासी डब्यावर जो नंबर रंगवलेला असतो त्याचे पहिले दोन आकडे म्हणजे डबा कोणत्या सालचा, हे मला अक्षरओळखीच्या आधी ठाऊक होतं. फलाटावर गाडी लागली की ते डब्यांची वयं सांगत चालायचे. आणि उरलेल्या वेळात आकड्यांची बेरीज. तिकीट असो, पावती असो, औषधाच्या चिठ्ठीवरचा नंबर असो, त्यांचे ओठ हलायचे आणि एक आकडी उत्तर यायचं. यात त्यांना ना लॉटरी दिसायची ना ग्रह. नुसती बेरीज. मीही तेच करते. केसपेपरच्या रांगेत उभं राहिल्यावर दुसरं करायचं तरी काय?

तर शिरूरची बेरीज : चार, एक, दोन, दोन, एक, शून्य. दहा. आणि संख्येच्या शेवटी शून्य, म्हणजे दहानं भाग जातोच. स्वतःच्या आकड्यांच्या बेरजेनं जिला नि:शेष भाग जातो अशा संख्येला एक गोड नाव आहे : हर्षद. नाव ठेवणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर.

कापरेकर १७ जानेवारी १९०५ ला डहाणूला जन्मले. ठाण्याला शाळा, पुण्यात फर्ग्युसन. तिथे विद्यार्थी असतानाच १९२७ मध्ये रँग्लर र. पु. परांजपे यांच्या नावाचं गणिताचं बक्षीस मिळवलं. १९२९ ला बी.एस्सी. झाले, आणि मग १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीला शाळामास्तर. एम.ए. नाही, पीएच.डी. नाही, विद्यापीठाची खुर्ची नाही. शोध लागले की ते छोट्या नियतकालिकांत धाडायचे, नाहीतर पदरचे पैसे घालून पातळ पुस्तिका छापायच्या. इथल्या विद्वानांनी बराच काळ त्यांना करमणूक करणारा मास्तर याच्यापलीकडे मोजलं नाही. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरनं 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिलं, तेव्हा जगाला कापरेकर कळले, आणि मग आपल्यालाही. हा क्रम आपल्याकडे नवा नाही.

पण मला त्यांची आणखी एक गोष्ट आवडते. ते संख्यांना आपल्या ओळखीच्या जागांची नावं द्यायचे. डोंबिवली स्टेशनला जी.आय.पी. रेल्वेच्या काळात डेमलो म्हणत. तिथे एका जातीच्या संख्यांची कल्पना सुचली म्हणून त्या 'डेमलो संख्या' झाल्या. दुसऱ्या एका कुळाला 'देवळाली संख्या' असंही म्हणतात, राहत्या गावावरून. लोक गावाला नंबर देतात; हा माणूस नंबराला गाव देत होता.

हर्षद ठरल्यावर शिरूरचं समाधान व्हायला हवं होतं, पण दहानं भागल्यावर समोर उरतात ४१२२१, आणि ती संख्या काही बोलेना. तीनानं जात नाही, बेरीज दहाच आहे. सातानं पाच उरतात. अकरानं चार. तेरानं अकरा. लाइट बिलाच्या पाठीवर मी भागाकार मांडत गेले. बिलाची पाठ या कामाला चांगली असते, कोरी असते आणि फेकून द्यायचीच असते. अशा वेळी कुठे थांबायचं ते आधी ठरवावं लागतं : २०३ चा वर्ग ४१२०९, २०४ चा ४१६१६. म्हणजे २०३ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भाग गेला नाही तर पुढे बघायची गरज नाही. सत्तेचाळीसनं जवळजवळ गेलाच होता, दोनच उरले. एकशेएक्कावन्नलाही आशा वाटली, बाकी एकशेएकोणपन्नास आली, दोन कमी पडले. एकशेत्र्याण्णव, एकशेसत्त्याण्णव, एकशेनव्व्याण्णव. नाहीच. ४१२२१ मूळ संख्या आहे. एक आणि ती स्वतः, तिसऱ्या कुणाला दार नाही.

घोडनदीच्या बाजारात रोज हजारो माणसांच्या तोंडी असलेल्या आकड्यात इतकी हट्टी संख्या बसलेली आहे, हे कळल्यावर दोन दिवस मी त्याच नादात होते. आणि मग आठवलं की मूळ संख्येला चारानं भागून एक उरत असेल, तर तिचे दोन वर्गांच्या बेरजेत तुकडे पडतात, आणि तेही एकाच रीतीनं. हा फर्माचा सिद्धान्त, सिद्ध केला ऑयलरनं. ४१२२१ ला चारानं भागा, एक उरतो. म्हणजे असे दोन वर्ग आहेत, आणि असे दोनच आहेत. फक्त शोधायचे. २०३ पासून खाली उतरत गेले. १९२ ला जीव वरखाली झाला, उरले ४३५७, आणि ६६ चा वर्ग ४३५६. एका आकड्यानं हुकलं. पुढे १७० ला गाडी थांबली. १७० चा वर्ग २८,९००. ४१२२१ मधून वजा केला, उरले १२,३२१.

१२३२१. एकशेअकराचा वर्ग. उलटसुलट कसाही वाचा, सारखाच. एक, एकशेएकवीस, बारा हजार तीनशे एकवीस, बारा लाख चौतीस हजार तीनशे एकवीस, ही मालिका म्हणजेच कापरेकरांच्या डेमलो संख्यांतली सगळ्यात देखणी घरं. शिरूरला रेल्वे नाही. कितीतरी वर्षं लोक मागतायत, सर्वेक्षणाच्या बातम्या येतात आणि जातात. पण गावाच्या पिनात डोंबिवली स्टेशन निघालं, हे मी घरात सांगितलं तेव्हा आमच्या ह्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि "बरं" म्हणाले.

दौंडची संख्या सरळ दिसते, पण तिचं वळण वेगळं. ४१३८०१. बेरीज सतरा, सतरानं भाग जात नाही, म्हणजे हर्षद नाही. मूळ असेल असं वाटत होतं, शेवटी एक असलेल्या संख्या तसा आव आणतात. पण तिच्यात दहा हजार मिळवून पाहा. ४,२३,८०१ होतात, आणि हा बरोबर ६५१ चा वर्ग आहे. म्हणजे दौंड म्हणजे ६५१ चा वर्ग वजा १०० चा वर्ग. म्हणजे ५५१ गुणिले ७५१. शाळेत पाठ केलेलं वर्गांच्या वजाबाकीचं सूत्र इतक्या वर्षांनी माहेरच्या पत्त्यात भेटलं. ५५१ अजून फुटतात, एकोणीस गुणिले एकोणतीस. ७५१ फुटत नाहीत. शिरूरच्या मूळ संख्येसारखी ही दोन वर्गांच्या बेरजेत कधीच बसणार नाही, एकोणीस आणि ७५१ आडवे येतात. शिरूरमध्ये दोन वर्ग मिळतात, दौंडमध्ये एकातून दुसरा जातो.

दोघींना सामाईक असं काही आहे का, हेही पाहिलं. दोन्ही पिनांतला फरक १५९१, म्हणजे ३७ गुणिले ४३, आणि यातला एकही आकडा ना शिरूरला भागत, ना दौंडला. एक सोडला तर सामाईक भाजक नाही. खाली जमिनीवर मात्र शिरूरवरून वाहणारी घोड दौंडच्या अलीकडेच भीमेला मिळते, आणि आई पुराच्या दिवसांत म्हणायची, तुझ्या सासरचं पाणी आलं गं.

आता दौंडची खरी गंमत. कापरेकरांनी एक साधा खेळ मांडला. कुठलीही संख्या घ्या, तिच्या आकड्यांची बेरीज तिच्यातच मिळवा, पुढची संख्या मिळते. २३ चे २८, २८ चे ३८. पंधरात सहा मिळवले की २१. पण २० कशातूनच येत नाही. जिला अशी कुठलीही संख्या जन्म देऊ शकत नाही तिला इंग्रजीत सेल्फ नंबर म्हणतात. तीच देवळाली संख्या. मराठीत स्वयंभू म्हणायला हरकत नसावी. शिरूरला जन्मदाता आहे : ४१२१८७, आकड्यांची बेरीज २३, मिळवले की ४१२२१०. दौंडचा मी शोधला. नऊच्या हिशेबानं सहाच उमेदवार उरतात : ४१३७९७, ४१३७८८, ४१३७७९, ४१३७७०, ४१३७६१, ४१३७५२. एकाचीही बेरीज जुळत नाही. जिथे बावीस हवेत तिथे एकतीस, जिथे एकतीस हवेत तिथे बावीस. ४१३८०१ स्वयंभू आहे. दौंडपासून जवळ, भीमेपलीकडे सिद्धटेकचा सिद्धिविनायक. तोही स्वयंभू मानतात. आईला हे सांगायला मिळालं असतं तर तिनं दोन्हींचा संबंध लगेच जोडला असता, आणि मी हो म्हटलं असतं.

अष्टविनायकांतला आणखी एक गणपती आमच्या तालुक्यात, रांजणगावला. त्याचा पिन ४१२२०९, शिरूरच्या आधीचाच. बेरीज अठरा, म्हणून नवानं जातो, उत्तर पुन्हा नवानं जातं, मग सातानं, आणि शेवटी ७२७ वर थांबतो. एका अंगाला सहज फुटणारी, दुसऱ्या अंगाला पोटात मूळ संख्या घेऊन बसलेली. संख्यांत शेजारधर्म नसतो. उलट लागून असलेल्या दोन संख्यांना एक सोडला तर सामाईक भाजक असूच शकत नाही.

लहानपणी दौंड स्टेशनवर सगळ्यात मोठा तमाशा म्हणजे इंजिन फिरवणं. पुण्याकडून आलेल्या गाडीला मनमाडकडे जायचं तर तिला आल्या वाटेनंच थोडं मागं जावं लागायचं, म्हणून इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावायचे. अण्णा दोन डब्यांमधल्या जागेत उतरायचे. आधी हवेच्या पाइपचे कॉक बंद, पाइप सुटताना फस्स करून हवा जायची, मग कपलिंगचा स्क्रू सैल. हिरवा झेंडा. इंजिन एकटंच पुढे निघायचं, सांधा ओलांडायचं आणि बाजूच्या लाइनीवरून संथ मागे यायचं. तोवर प्रवासी भजी खायचे. नवखा प्रवासी पाच मिनिटांनी दचकायचा, कारण गाडी उलटी चालायला लागलेली असायची आणि त्याला वाटायचं आपण परत पुण्याला निघालो. आता कॉर्ड लाइन झाल्यामुळे बऱ्याच गाड्या दौंडात शिरतच नाहीत, बाहेरून वळतात. भजीवाल्यांचं त्यात नुकसान झालं.

कापरेकरांचा सगळ्यात गाजलेला शोध असाच आहे, संख्येचं तोंड शेपटीला लावण्याचा. आकडे मोठ्याकडून लहानाकडे मांडा, मग लहानाकडून मोठ्याकडे, आणि वजाबाकी करा. उत्तराचं पुन्हा तेच. चार आकडी संख्या घेतली, सगळे आकडे सारखे नसले, की सात वजाबाक्यांच्या आत तुम्ही ६१७४ ला पोचता आणि मग हलता येत नाही. ७६४१ मधून १४६७ गेले की पुन्हा ६१७४. याला आता जगभर कापरेकर स्थिरांक म्हणतात. सहा आकड्यांना मात्र असं एकच ठिकाण नाही. तिथे दोन मुक्काम आहेत, ५४९९४५ आणि ६३१७६४, आणि त्याखेरीज सात संख्यांचं एक रिंगण आहे, त्यात पडलेली संख्या फिरतच राहते.

शिरूरचा पिन या खेळात सोडून पाहिला. ४२२११० वजा ११२२४, उत्तर ४१०८८६. मग ८७१७२२, ७५४४४३, ४०९९८६, ९५१७४१, ८६०८३२. आणि इथे रिंगण लागलं : ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४, ४२०८७६, ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, पुन्हा ८६०८३२. दौंड जास्त रेंगाळलं. ८३१७६२, ७५२६४३ (इथे तर दोन ते सात सगळे आकडे एकेकदा हजर), ५३०८६५, ८२९९६२, ७७१७२३, ६५३५४४, ३१०८८७, ८७३५२२, ६५१७४४, ६२०८७४, आणि अकराव्या वजाबाकीला ८५१७४२. तेच रिंगण, फक्त दुसऱ्या दारानं. माझ्या दोन्ही घरांचे आकडे एकाच चक्रात फिरतात. हे लिहिताना हात थोडा थरथरला होता, पण खरं सांगायचं तर सहा आकडी संख्यांपैकी बहुतेक साऱ्या याच रिंगणात येऊन पडतात. तुमच्या गावाचीही बहुधा.

उलटं वाचण्याची हौस आपल्याकडे जुनी. गोदावरीकाठच्या पार्थपूरचे सूर्यपंडित सोळाव्या शतकातले. त्यांनी असं विलोमकाव्य रचलं की सरळ वाचलं तर राम, उलट वाचलं तर कृष्ण. आणि हेच सूर्यपंडित भास्कराचार्यांच्या 'लीलावती'चे आणि 'बीजगणिता'चे टीकाकार. एकाच माणसाच्या हातात अक्षरांचीही उलटापालट आणि अंकांचीही. पिनकोड करणारे वेलणकर संस्कृतातले कवी होते हे कळल्यावर मला सूर्यपंडितच आठवले.

'लीलावती'च्या शेवटी अंकपाश नावाचं प्रकरण आहे. दिलेले आकडे जागा बदलून किती संख्या होतील आणि त्या सगळ्यांची बेरीज किती, असे प्रश्न. शंकराच्या दहा हातांतली दहा आयुधं हातोहाती बदलली तर मूर्ती किती प्रकारच्या होतील? ३६,२८,८००. विष्णूच्या चार हातांच्या चोवीस. मग भास्कराचार्य आकडे परत येणारं उदाहरण घेतात : दोन, दोन, एक, एक. त्यांच्या सहा संख्या होतात, सहांची बेरीज ९९९९. त्या सहांतली एक म्हणजे १२२१. आणि ४१२२१० ची पहिला आणि शेवटचा आकडा झाकला तर मधे काय राहतं ते बघा. ११५० मधलं पुस्तक आणि १९७२ मधला पिन. मधे एवढी शतकं, पण आकड्यांचा गठ्ठा तोच. शिरूरच्या सहा आकड्यांची अदलाबदल केली तर एकशेऐंशी मांडण्या होतात, दौंडच्या तीनशेसाठ. पत्रावर त्यातली चुकीची मांडणी पडली तर पत्र भलतीकडे जाईल, नाहीतर परत येईल. कापरेकरांच्या वजाबाकीत मात्र एकशेऐंशीच्या एकशेऐंशी मांडण्या पहिल्या पावलालाच ४१०८८६ ला पोचतात.

नकाशात कापरेकर आणि भास्कराचार्य जवळ आहेत. दौंडहून मनमाडची गाडी धरा. मनमाडला डावीकडे वळलात तर नाशिक रोड, आणि पुढे देवळाली, कापरेकरांची. उजवीकडे चाळीसगाव, आणि त्याच्याजवळ पाटणे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, मठ स्थापल्याचं तिथल्या शिलालेखात कोरलेलं आहे.

या सगळ्याला मोठे गणिती नाक मुरडतात, हेही सांगायला हवं. जी. एच. हार्डीनं १९४० मधल्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात ८७१२ आणि ९८०१ ही उदाहरणं घेतली. चार आकडी संख्यांत या दोघीच आपल्या उलट्या रूपाच्या पटीत आहेत, आणि हार्डीच्या मते अशा गोष्टी वर्तमानपत्रातल्या कोड्यांना ठीक, गणितज्ञाला त्यात काही नाही. त्याचं म्हणणं समजतं. हर्षद, स्वयंभू, रिंगण, हे सगळं आपण दहाच्या पटीत मोजतो म्हणून. हाताला बारा बोटं असती तर दौंडचं स्वयंभूपण राहिलं असतं की नाही कोण जाणे. ४१२२१ चं मूळपण मात्र बोटांवर अवलंबून नाही. ते कुठेही, कुणीही मोजलं तरी राहील. हार्डीला तेवढंच हवं होतं. पण त्याच हार्डीची टॅक्सी १७२९ नंबरची होती, आणि १७२९ सुद्धा हर्षद आहे. एकोणीस गुणिले एक्क्याण्णव. एकोणीस, म्हणजे दौंडचा सगळ्यात लहान भाजक. हार्डीनं हे ऐकून घेतलं नसतं, कापरेकरांनी चहा पाजला असता. मी कापरेकरांच्या बाजूची आहे.

मला ज्याचं कोडं वाटतं ते वेगळंच. १९७२ च्या आधी कुठल्यातरी कार्यालयात कुणीतरी यादी समोर घेऊन शेवटचे तीन आकडे वाटले असतील. शिरूरला २१०, दौंडला ८०१. सोयीनं. त्या हातानं आकडा दिला, पण त्यातलं मूळपण दिलं नाही, स्वयंभूपण दिलं नाही, डेमलो दिला नाही. ते कुणीच दिलेलं नाही. शिरूरला एक आकडा पुढचा मिळाला असता तरी पत्रं पोचली असती, पोस्टमनला फरक पडला नसता, आणि यातलं बरंचसं तिथे सापडलं नसतं. दुसरं काहीतरी सापडलं असतं. आपण ठेवलेल्या नावांत फक्त आपण ठेवलेलंच असतं. आकड्यांचं तसं नाही.

टपाल खात्यानं २०२५ मध्ये डिजिपिन आणला. अक्षरं आणि अंक मिळून दहा चिन्हं, साधारण चार मीटरच्या चौकोनाला एक. आमच्या ओट्याचा एक असेल, परसातल्या नळाचा दुसरा. जुना पिन रद्द झालेला नाही. ॲम्ब्युलन्सला, आगीच्या बंबाला डिजिपिनचा उपयोग आहे, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण त्यात अक्षरं घुसलीत. त्याची बेरीज करता येत नाही, त्याला भागता येत नाही.

तुमचा पिन तेवढ्यात एकदा पूर्ण वाचून बघा, लाख-हजार म्हणत. मग आकड्यांची बेरीज करा आणि तिनं भागून पाहा. दहात एखादा हर्षद निघतो. स्वयंभू आहे का ते पाहायला सहा वजाबाक्या पुरतात, तोही दहात एखादाच असतो. मूळ संख्या आहे का हे ठरवायला बिलाची पाठ लागेल. पण हजाराच्या पुढे जावं लागणार नाही, आणि हजारापर्यंत मूळ संख्या १६८ च आहेत.